बाबांचे अकरा टक्के

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. त्या दुपारनंतर दुसरा व्हावा, असा आग्रह कुणी धरलेला नाही.

ताई बाळंतपणाला नंदुरबारच्या दवाखान्यात होती. दाजींचा फोन कोणत्याही क्षणी येणार, आणि तोही बाबांच्याच नंबरवर. कारण माझ्या सिमला आमच्या गावात, कळसाडीत, रेंजच नाही. (शाळेच्या गच्चीवर चढलं तर दोन काड्या दिसतात.) त्यात सकाळपासून वीज गायब! बाबांच्या फोनमध्ये अकरा टक्के, माझ्यात सत्तर.

माझ्याकडे दोन्ही टोकं सारखी असलेली टाइप-सी केबल होती आणि लोणखेड्याच्या कॉलेजात मिळवलेली फिजिक्सची पदवी. "भरल्या हंड्यातलं पाणी रिकाम्या हंड्यात जातं ना? तशीच वीज!" असं सांगून मी दोन्ही फोन जोडले. टुंग!

"शिकेल पोऱ्या शे मन्हा!" बाबा हरखले. माझा ऊर भरून आला. यांनी कापूस वेचून मला शिकवलं, त्याचं आज चीज झालं!

दहा मिनिटांनी आई म्हणाली, "तुन्हा बहात्तर व्हयनात. त्यास्ना आठ."

"सुरुवातीला असं होतं," मी गंभीरपणे सांगितलं. (कुठल्याही पुस्तकात असं नाही.)

मग मी केबल उलटी करून लावली. दोन्ही टोकं सारखी असलेली केबल! बाबांचे तीन टक्के उरले.

"अरे, तुन्हा फोन त्यास्ना फोनले पी ऱ्हायना!" आई ओरडली.

(कोणी कोणाला वीज द्यायची, हे असे दोन फोन आपसात ठरवतात आणि पडद्यावर बोट टेकवून ते बदलता येतं, हे मला नंतर कळलं.)

तेवढ्यात रिंग! बाबांनी स्पीकर लावला. "मामा, पेढे वाटा! तुमच्या लेकीला..." आणि पडदा काळा!

"पोऱ्या का पोरगी? बोला ना, जवाईबापू!" बाबा बंद फोनला विचारत राहिले.

मी चपला घालून शाळेच्या गच्चीकडे निघालो. आईने दंडाला धरून बसवलं आणि बांगडीतली सेफ्टी पिन माझ्या हातात दिली.

"त्यास्नं सिम काढ, तुन्हा फोनमा टाक. तो तं भरेल शे ना!"

आई चौथी पास आहे.

दोन मिनिटांत दाजी बोलू लागले. मुलगी! दोघी ठणठणीत! आई हसता हसता रडली. बाबांनी तर फोनवर आलेल्या ताईला आनंदाच्या भरात माझा सगळा पराक्रम सांगून टाकला.

"ताई, भाचीला मीच शिकवणार!" मी घाईघाईने ओरडलो.

पलीकडून थकलेला, पण ठाम आवाज आला, "शिकाड ना भाऊ. पन पहिले तू मायजवळ शिकी ले!"