मावशीचं वेगळं दिसावं म्हणून

मी बोईसरला वेबसाइट बनवायची कामं करते. सातपाटीला माझी मावशी असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, बरीच वर्षं मासेमारीच्या बोटीवर होते. तिथल्या एका मंडळाच्या साइटवर मी सातपाटीच्या समुद्राबद्दल एक पान लिहिलं. वारं, भरती, जाळी, सगळं काकांनी सांगितलेलं.

मावशीने ते मोबाइलवर वाचलं आणि फोन केला. "यात बायांचं कायच नाय हाय. मासळी काय आपोआप सुकते?"

मग ती सांगत गेली आणि मी घालत गेले. बांबूवर टांगलेले बोंबील ओले असले की गप असतात, सुकले की वाऱ्याने वाजतात, हे तिचं. नंतर घातलेल्या मजकुराला एचटीएमएलमध्ये 'इन्स' नावाचा टॅग लावतात. त्यातल्या शब्दांखाली ब्राउझर आपोआप रेघ काढतो. तिचं प्रत्येक वाक्य मी त्या टॅगमध्ये ठेवलं. मासळी सुकवायला आलेल्या बायांपुढे मोबाइल धरून ती सांगायची, "रेघवालं माजं हाय."

पुढे मंडळाकडे तक्रारी आल्या. लोकांना ती रेघ म्हणजे लिंक वाटायची. ते दाबायचे आणि काहीच उघडायचं नाही. मलाही ते पटलं. रेघ काढून मी शब्दांमागे फिकट पिवळा रंग दिला.

"माजं काडलंस?" मावशीने फोनवर विचारलं.

"नाही गं, सगळं आहे. टॅगही तसाच आहे आत. नुसती रेघ काढली."

"आत हाय ते मला कसं दिसणार?"

तिच्या जुन्या मोबाइलवर, भर उन्हात, तो पिवळा रंग दिसतच नव्हता. गडद करते म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे."

मंडळाची समजूत घालून रेघ परत आणेपर्यंत पावसाळा सरला. "बरं केलंस," एवढंच ती बोलली. मग पानात आणखी घालायला म्हणून, मासळी वाळत असताना सर आली तर तुम्ही बाया एकमेकींना काय हाका मारायच्या, असं मी विचारलं.

"इसरले मी," म्हणाली, आणि माझ्या लेकीच्या शाळेचं विचारू लागली. खरंच विसरली की सांगायचं नव्हतं, ते मला आजही कळत नाही.

गेल्या महिन्यात मुद्दाम सातपाटीला गेले. काका रंगात येऊन वाऱ्याच्या गोष्टी सांगत होते. पूर्वी मावशी चुलीपाशी बसूनच त्यांचं बोलणं खोडून काढायची. त्या दिवशी चहा घेऊन आली, कप ठेवले आणि पुन्हा आत गेली.