सुटलेला बोंबील

माझी बायको सोमवारी गेली. मंगळवारी मी वर्गाच्या दारावर सुट्टीची पाटी लावली. ती अजून काढलेली नाही.

वर्ग म्हणजे वसईतल्या आमच्या फ्लॅटचा हॉल. शाळेने ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुलं संध्याकाळी तिथे बायकोकडे शिकायला येत. जे फळ्यावरून डोक्यात जात नाही ते हातातून जातं, असं तिचं मत. म्हणून रविवारी ती मुलांना बाहेर काढी. मी ग्रंथपाल, पाण्याची पिशवी घेऊन मागे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक मुलगी यायची. सम-विषम तिला काही केल्या कळेना. एके दिवशी तिचे वडील आले. “बाई, परीक्षा झाली की हिला गावी आजीकडेच ठेवतो. तिथे निदान कुणी हसणार नाही.” मुलगी तिथेच दाराला टेकून उभी होती.

“ठेवा,” बायको म्हणाली. “पण आधी रविवारी पाचूबंदरला चला.”

“कशाला?”

“बोंबील वाळत घालायला.”

गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथे कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एका कोळणीने मुलीपुढे टोपली सरकवली. मुलीला ते लगेच जमलं. वडिलांनी पहिलाच बोंबील मुठीत आवळला. तो निसटून थेट बाहीत शिरला.

“आवळू नको दादा,” कोळीण म्हणाली, “नुसतं पानी हाय ते!”

“बाबा, असं नाही,” मुलगी म्हणाली. “तोंडं समोरासमोर आणा. तुम्ही आणि आई भांडता तशी. मग अडकवा.”

कोळीण पोट धरून हसली. मी समुद्राकडे बघत राहिलो.

टोपलीच्या तळाशी एक बोंबील उरला. मुलीने टोपली उलटी करून पाहिली. “टीचर, ह्याला कुणीच नाही. हा सुटला.”

“एक सुटला की सगळे मिळून विषम.”

“एवढंच?” मुलगी चिडली. “मग आधी सांगायचं ना!”

परतताना रिक्षात वडिलांनी परीक्षा घेतली. “सतरा?” तिने त्यांची बोटं उसनी घेतली, आपल्या बोटांत अडकवली. “एक सुटतो. विषम.”

“वीस?”

“सगळ्यांची लग्नं झाली.”

ते हसले. शर्टाला भयंकर वास येत होता. “बरं, आपण घरी तिघं. म्हणजे?”

“विषम.” तिने आपली बोटं सोडवून घेतली. “मी गावी गेले की सम.”

स्टेशन आलं. उतरताना वडील बायकोला म्हणाले, “बाई, राहू दे विषमच.”

त्या आठवड्यात बायकोने हॉलमध्ये दोरी बांधली आणि मुलांकडून मोज्यांच्या जोड्या टांगून घेतल्या. एकाने घरून खरे बोंबील आणले. वरच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून तक्रार करायला आल्या आणि जाताना चार मागून घेऊन गेल्या.

बायको गेल्यावर ती मुलगी भेटायला आली होती. आता स्वतःची नोकरी आहे तिला. दारात पसरलेल्या चपला जोडीजोडीने लावल्या आणि गेली.

दोरी अजून हॉलमध्ये आहे. तिच्यावर आता माझ्या एकट्याचे कपडे वाळतात.