जाम चौरस्त्यावरचा व्हेटो

"वसंताची भाची ना ही? बोलत तं काईच नाई, अन् साऱ्या दुनियेचा कारभार शिकाले जाणार म्हणे."

मामाच्या तेरवीच्या पंगतीत कोणीतरी शेजारच्याला हळूच सांगत होतं. मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. हसू आलं, ते गिळलं. मामा असता तर खळखळून हसला असता...

नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जाम गावी, चौरस्त्यावर वसंतामामाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. सुट्टीत इथे आले की गल्ल्यामागे पुस्तक घेऊन बसायचे. रेडिओवर अफगाण निर्वासितांच्या बातम्या लागायच्या. देश सोडून निघालेल्या माणसांना कोणी घ्यायचं, कोणी नाकारायचं, हे नियम सगळे देश मिळून कसे ठरवतात, ते मला पुढे दिल्लीत शिकायचं होतं. त्यासाठी मुलाखत द्यावी लागणार होती, आणि चार माणसांत माझा आवाज घशातच राहायचा. बाबा म्हणाले, एकटीला पाठवणार नाही. मामा म्हणाला, "मी नेतो तिले."

मग त्यानं माझी तयारीच सुरू केली. रविवारी दुपारी हॉटेलातली बाकं वाटली जायची. खिडकीजवळचं बाक कॅनडा, दारातलं दुबई, माठाजवळ उभे असतील ते निर्वासित. ट्रक ड्रायव्हर, कापूस विकून परतणारे शेतकरी, एस.टी.ची वाट बघणारे, जो बसेल तो देश. मी या परिषदेची अध्यक्ष. निर्वासितांना बाकावर सरकून जागा द्यायची का, यावर असे कडाक्याचे वाद व्हायचे की एस.टी. निघून जायची.

एकदा मी मामाला व्हेटोबद्दल, म्हणजे एकट्याच्या नकारानं सगळ्यांचा ठराव अडवायच्या हक्काबद्दल, सांगितलं. तो पाचच देशांना असतो, हे काही त्याला रुचलं नाही. "आपल्या इथं असा भेदभाव नाई चालत," म्हणत त्यानं प्रत्येक बाकाला आणि माठाजवळच्यांनाही व्हेटो दिला, आणि त्या दिवशीचा चहाही परिषदेवर सोपवला. कॅनडानं अद्रक अडवलं, दुबईनं विलायची, निर्वासितांनी कमी साखर. बराच वेळ कोणालाच चहा मिळेना. दुबईच्या बाकावरचे करतारसिंग ड्रायव्हर वैतागले. "वसंतभाऊ, मुझे हैदराबाद पहुँचना है. दुनिया बाद में सुधार लेना."

"अध्यक्षाले विचारा. माह्या हातात आता काई नाई."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले... आणि तशीच खाली बसले.

"अध्यक्ष विचार करून राह्यले," मामानं गंभीरपणे जाहीर केलं आणि सगळ्यांना साधा चहा ओतला. नंतर मला कपबशी देताना म्हणाला, "उभी तं राह्यली ना माय. अर्धं काम झालं."

उरलेलं अर्धं बघायला तो थांबला नाही. एका सकाळी हॉटेल उघडायला गेला आणि छातीत कळ येऊन तिथेच गेला.

तेरवीच्या त्या पंगतीत कोणीतरी बाबांना माझ्या दिल्लीचं विचारलं. "राहू द्या आता," बाबा पानाकडे बघत म्हणाले. "वसंता नेणार होता तिला. तिचाही काही तसा हट्ट नाही."

मी जग खाली ठेवला. जरा मोठ्यानंच बोलले असेन, कारण वाढणाऱ्यांचे हात थांबले.

"हट्ट आहे, बाबा. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, आणि मी एकटी जाणार आहे."