न लावायचा दिवा

अलिबागकडच्या आमच्या गावात ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. शेजारच्या साराबाई तिथे नवऱ्याच्या थडग्यावरचं शेवाळ काथ्यानं घासत होत्या. दगडावर सात फांद्यांचा दिवा, त्यांचा मेनोरा, कोरलेला होता.

"हा सणाला लावता का?" मी विचारलं.

"सात ज्योतींचा लावत नाहीत. यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून हा नुसता कोरायचा."

आमच्याकडे दिवा गेला की लगेच दुसरी वात करतात. ही माणसं मात्र दोन हजार वर्षं तो विझलेलाच सांभाळत आली.

पलीकडे एक नवा दगड उभा होता. त्यावर सात फांद्या होत्या, नाव नव्हतं.

"माझा," साराबाई म्हणाल्या. "मुलं इस्रायलला गेली. मागाहून कोण कोरणार?"

मग त्यांनी तोही घासायला घेतला.