तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

धक्क्यावर तिला सगळे आत्या म्हणत. तिचा नवरासुद्धा. हे नातं त्याच्या तोंडी कसं बसलं, याचा विचार इतक्या वर्षांत कोणी केला नव्हता, त्याने तर नाहीच. त्याला लोक कप्तान म्हणत, कारण त्याच्याकडे टोपी होती.

दोघांची मिळून एक पेट्रोलची जुनी लाँच होती, उतारू या काठावरून त्या काठाला नेणारी. सुकाणू त्याचं, इंजिन तिचं. ही वाटणी लग्नानंतर लगेच झाली आणि तिच्यावर अपील नव्हतं.

गेल्या तपासणीत बंदराबाहेर तरंगणाऱ्या बोयापाशी, त्या खुणेच्या पिंपापाशी, इंजिनाने मिसिंग मारायला सुरुवात केली आणि शेवटी तपासनीस साहेबांना दुसऱ्याच्या लाँचने ओढून आणलं. साहेब शांतपणे म्हणाले होते, "पुन्हा असं झालं, तर उतारूंचा परवाना रद्द. मग विटा न्या."

आज ते 'पुन्हा' होतं.

परीक्षा वरवर सोपी होती. बंदरातल्या उभ्या बोटींमधून गोगलगायीच्या चालीने बाहेर पडायचं आणि मग बोयाला वळसा घालून फुल रेसवर परत यायचं. गोची सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची होती. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे हळू चालताना बसलेली काजळी जाळून टाकतो. पण फुल रेसवर तोच निखारा होतो आणि पिस्टनला भोक पाडू शकतो. थंड प्लग उष्णता झटकन सोडून देतो. तो रेसवर सुखी, पण तेल खाणाऱ्या सिलिंडरमध्ये हळू चालवला की काळा पडून मरतो. स्पेअरवाला म्हणाला होता, "गाडीतले टाका ना, आटे तेच आहेत."

"गाडी उतारावर विसावा घेते," आत्या म्हणाली. "पाण्यात उतार कुठे दाखवतोस?"

महिन्याभरापूर्वी तिने इंजिनाच्या तेल अडवणाऱ्या रिंगा बदलून घेतल्या होत्या. कोणता सिलिंडर सुधारला आणि कोणता अजून तेल खातोय, हे जुन्या प्लगांच्या रंगावरून कळणार होतं. म्हणून तिने आदल्या दिवशी ते काढून, ओळीने लावून, फडक्याखाली ठेवले होते. सकाळी फडकं उचललं, तर चारही प्लग नवरदेवासारखे चकाकत होते.

"साहेबांनी इंजिन उघडलं तर बरं दिसावं म्हणून," कप्तान अभिमानाने म्हणाला. "ब्रश आणि पेट्रोल. हात सोलले माझे."

आत्याने फडकं परत प्लगांवर ओढलं, मेलेल्याच्या तोंडावर ओढावं तसं. ही तिची सर्वांत कडक शिवी होती.

"अहो, आजाऱ्याचा चेहरा बघून औषध द्यायचं, तर तुम्ही त्याला पावडर लावून बसवलंत!"

"मग आता?"

"आता? हेच गरम प्लग परत टाकते, तुम्ही थंडांचा डबा घ्या आणि चला बाहेर, नवा रंग चढवायला! साहेब यायच्या आत."

लाँच धक्क्यावरून सुटली ती जवळजवळ पळूनच. मोकळ्या पाण्यात येताच आत्याने रेस पूर्ण दिली. फळ्या थरथरल्या, लाँचच्या नाकाडावरून पाणी थेट कप्तानच्या टोपीवर आलं आणि इंजिन असं गरजलं, की त्याच्या वयाचा विसर पडावा. कप्तान लहान मुलासारखा ओरडला, "आत्या, उडतोय आपण!"

"सुकाणूजवळचा स्विच बंद करा! एकदम!"

ऐन वेगात इंजिन गप्प. रंग जसा होता तसा पकडायचा, तर हाच मार्ग. तिने फडक्याने धरून एकेक गरम प्लग काढला. पहिला पांढराफटक. दुसरा पांढरा. चौथा पांढरा. तिसरा मात्र छान बिस्किटी.

"चला, एक तरी ठीक आहे!" कप्तान म्हणाला.

"तोच तर आजारी आहे!" आत्या अक्षरशः नाचली, लाँचही तिच्याबरोबर हलली. "तेल खातोय म्हणून त्याला गरम मानवतोय. बाकीचे तिघं बरे झालेत, ते या प्लगने भाजतायत. तिघांना थंड, याला हाच!"

"चारही सारखे नकोत? पुस्तकात…"

"पुस्तक लिहिणाऱ्याने चार सारखी पोरं बघितली असतील. प्लगपाना द्या."

भरती त्यांना खडकांकडे ढकलत होती. धक्क्यावर एक छत्री येऊन थांबलेली दिसली; साहेब वेळेच्या आधी येणारे निघाले. कप्तान "आवर, आवर" म्हणत राहिला, पण आत्याने प्रत्येक प्लग आधी बोटांनीच आट्यात बसवला आणि मगच पाना लावला. वाकडा जाऊन आटे कापले गेले असते, तर परवान्याचा प्रश्न तिथेच कायमचा सुटला असता. खडक त्यांवरचे शिंपले मोजता येतील इतके जवळ आले, तेव्हा इंजिन सुरू झालं.

लाँच धक्क्याला परतली आणि साहेब चढले. बंदरातून लाँच हळू, फारच हळू निघाली. आत्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बसली होती. तिसरा काळवंडला असता, तर हाताला आधी कळलं असतं. काही कळलं नाही. बाहेर येताच फुल रेस! बोया जवळ आला, गेल्या वेळची जागा आली. कप्तानने सुकाणू घट्ट धरलं. साहेबांनी छत्री घट्ट धरली. लाँच बोयाला डाव्या हाताला ठेवून वळली, तो मागे पडला, आणि इंजिन एकसारखं, एकाही ठोक्याची चूक न करता गात राहिलं. एवढ्यात साहेबांची छत्री उलटी झाली, आणि त्यांना हसू आवरलं नाही.

"गेल्या वेळी मला ओढत आणलं होतंत," ते वाऱ्यावर ओरडले. "हे तेच इंजिन?"

"तेच! फक्त सगळ्यांना एका मापाने मोजणं सोडलं!"

धक्क्याला लागताच त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. कप्तानने टोपी काढून ती हवेत उडवली. ती पाण्यात पडली आणि तिच्याकडे कोणीही बघितलं नाही.

धक्क्यावर उतारू खोळंबले होते. पुढे उभी असलेली पिशवीवाली बाई म्हणाली, "कधीची उभी आहे मी! फिरायला गेला होतात की काय?"

"हो," आत्या म्हणाली आणि तिला हात दिला. "चढा. आज जोरात नेते."