अण्णांच्या गाडीचा रंग

माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल एक शब्द धड बोलणार नाही. दादा पुण्यात असतो. सणाला सोलापूरला येतो आणि आला की घरातलं काहीतरी दुरुस्त करतो. मागं एकदा नळ दुरुस्त केला, तो आजतागायत गळतोय. त्यापुढच्या दसऱ्याला त्यानं गाडी साफ केली. गाडी म्हणजे वीतभर लांबीची, प्लास्टिकची, मी स्वतः जोडलेली आणि रंगवलेली. हसू नका. दादाही हसला होता.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. उजव्यानं समोरचं तेवढं दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं, आणि तो पाइप बारीक होत चाललाय. थेंब घालत राहा, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. ज्या माणसानं अख्खी हयात अ‍ॅम्बेसिडर टॅक्सी चालवली, स्टेशनसमोरून अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूरच्या खेपा केल्या, त्याला आता रस्त्यावर उभी असलेली मोटार दिसत नाही. एक दिवा दिसतो, नाहीतर दाराची मूठ. मान फिरवत तुकडे जोडत बसावं लागतं. "गाडी अख्खी कवा बघितली त्येच आठवंना बघ," असं एकदा जेवताना म्हणाले.

प्लास्टिकच्या गाड्या जोडायचा नाद मला शाळेत नोकरी लागल्यापासूनचा. स्टाफरूममधल्या बाया साड्या घेतात, मी किट घेते. मोठी गाडी पाइपात मावत नाही, तर लहान मावेल की! आपल्या अ‍ॅम्बेसिडरची आई शोभावी अशा एका जुन्या विलायती गाडीचा किट मागवला, नाक घासलं, जाळी बदलली. रंग मळकट सायीचा. मागचं डावं दार जरा पिवळट, कारण अण्णांच्या गाडीचं ते दार माढ्याच्या अलीकडं एका ट्रॅक्टरनं चेपलं होतं आणि पुन्हा रंगवताना छटा जुळली नव्हती. ती न जुळलेली छटा जुळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गाडी हातात दिली तेव्हा अण्णांनी छातीशी धरली, मग हात हळूहळू लांब केला. जवळ धरली की कडा कापल्या जायच्या, हात ताणला की अख्खी बसायची. "आली की गं! दारासकट आली!" असं म्हणून ते खुर्चीतल्या खुर्चीत हलले. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी गाडी लागायची.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं विळी, कात्री, शिवणयंत्र, माझी स्कूटी, सगळ्यांची पूजा होते. मी शाळेतून येईपर्यंत अण्णांनी आपल्या गाडीची पूजा उरकली होती. चाचपडत चाचपडत, पण यथासांग. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, तेसुद्धा तेलात कालवलेल्या कुंकवाचं, कारण टॅक्सीवाले तसंच काढतात, दिवाळीपर्यंत पुसत नाही. टपावर झेंडूचं एक फूल, ते टपापेक्षा मोठं. आणि चाकाखाली लिंबू. हो, लिंबू! चाकाच्या दुप्पट लिंबू ठेवून वरून तळहातानं दाबलेलं. पुढचा आस वाकला होता, सगळीकडं रस. मी क्षणभर चिडले, मग हसतच सुटले. चिडायचं तरी काय? गाडी आहे तर नवमीला लिंबू चिरडणार नाही तर काय करणार? आस सरळ केला. कुंकवाचा लाल डाग रंगात उतरला होता, पण वरवर पॉलिश केलं असतं तर गेला असता. म्हटलं, रविवारी बघू.

दसऱ्याला दादा-वहिनी आले. संध्याकाळी मी शेजारी सोनं द्यायला गेले. आपट्याची पानं देऊन परत यायला असा कितीसा वेळ लागतो? आले तर दादा पाटावर बसलेला, हातात कापसाचा बोळा, शेजारी वहिनीच्या नखांचा रंग काढायची बाटली. आणि गाडी.

बॉनेट वितळलं होतं. भाजलेल्या पापडासारखे फोड आले होते, मधली उंच रेघ नाहीशी झालेली, रंग गोळा होऊन कडेला साचलेला. त्यात बोळ्याचा कापूस चिकटलेला. मागचं डावं दारसुद्धा.

"अगं, साफच करत होतो की," दादा म्हणाला. "कुंकवाचा डाग पडला होता. आणि त्या दारावर पण कसला तरी पिवळा डाग होता, निघतच नव्हता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाग? अरे, त्याच दाराला टेकून झोपायचास तू गाणगापूरच्या खेपेला! लाळ गाळायचास! त्या दारावरून शाळेत पोरं आपल्याला चिडवायची, आणि तुला तो डाग वाटला? मी हे सगळं ओरडून म्हणाले, सणासुदीचं, दार उघडं, शेजारी ऐकतायत. वहिनी आत निघून गेली. दादा म्हणाला, "खेळणं आहे ते. इतकं काय त्यात? मी दुसरं मागवतो."

"मागव तुझं कपाळ!" मी म्हणाले.

अण्णा मधे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की बाई, सणाचं." नेहमीचंच. नळ बिघडला तरी राहू दे, पोरगं हौसेनं करतंय. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हौशी म्हणायचं आणि घरात राहून थेंब घालणारीनं गप्प बसायचं.

आणि त्यानं खरंच मागवलं. आठवड्याभरात कुरिअर आलं. धातूची, तयार, चकचकीत, काळी-पिवळी टॅक्सी. अण्णांनी हातात घेतली, लांब धरली, परत दिली. "चांगली हाय. कुणाची हाय?" म्हणाले. मी ती खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर फेकलं.

मग मी कामाला लागले, दात-ओठ खात. आधी उरलेला रंग काढायचा. त्याला ब्रेक ऑइलचा डबा लागतो, त्यात बॉडी बुडवून ठेवली की प्लास्टिक तसंच राहतं आणि रंग सुटतो, जुन्या टूथब्रशनं घासून काढायचा. हे विचारलं असतं तर मी दादाला सांगितलं असतं. विचारायला त्याचं तोंड दुखत होतं काय? पण वितळलेलं प्लास्टिक लगेच घासता येत नाही, आतून मऊ असतं, आधी कडक होऊ द्यावं लागतं. म्हणजे थांबा. रोज सकाळी अण्णा चहाच्या आधी हात पुढं करायचे, मग आठवून मागं घ्यायचे. दादानं रंग पुसला असं सगळे म्हणत होते. त्यानं काय पुसलं ते मला ठाऊक होतं. अण्णांना अजून दिसतंय तोवरच्या कितीतरी सकाळी पुसल्या त्यानं.

पुट्टी भरली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. बॉनेटची रेघ सुईनं कोरून काढली, पहिली वाकडी आली, भरून टाकली, दुसरी जमली. मग प्रायमर. आणि मग आमचं सोलापूर आडवं आलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग आहेत. खडखडाट सुरू झाला की हवेत कापसाचे तंतू उडायला लागतात, आणि ओल्या रंगावर बसायला त्यांना फार आवडतं. पहिला हात दिला, वर केसासारखा लांब तंतू. घासला. दुसरा दिला, तंतू. म्हणून माग सुरू व्हायच्या आत, फटफटताना उठून, न्हाणीघरात पाणी शिंपडून, दार लावून मी रंग मारायला लागले. पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. अण्णा बाहेरून म्हणायचे, "एकदाच दाबून मार की गं!" दाबून मारला की ओघळ येतात, अण्णा. तुम्ही गाडी चालवलीत, रंगवली नाहीत. मी त्यांच्यावरही खेकसायला लागले होते. दिवाळी तशीच गेली. दादा आला नाही, फोन केला, मी उचलला नाही. अण्णांनी उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलले.

शेवटी झाली. पहिलीपेक्षा चांगली झाली, हे मी गर्वानं सांगते. मागच्या डाव्या दाराचा पिवळटपणा तर असा जमला की मी स्वतःशीच "शाब्बास!" म्हणाले. सकाळी ऊन खोलीत आल्यावर गाडी अण्णांच्या हातात दिली. चहा बाजूला ठेवला.

त्यांनी छातीशी धरली. हात लांब केला. अजून लांब, कोपर ताठ होईपर्यंत. मान जरा डावीकडं, जरा उजवीकडं.

"नाक दिसतंय," म्हणाले. "काच दिसती. मागचं न्हाय येत. तू धर बरं जरा."

मी घेतली आणि एक पाऊल मागं सरकून धरली.

"अजून मागं जा."

मी गेले.

"अजून."

माझी पाठ भिंतीला लागली. मी गाडी डोक्याशी, भिंतीला टेकवून धरली.

"हां. आली," अण्णा म्हणाले. "अख्खी आली. दार बी बराबर हाय. लई झ्याक झाली बघ."

मला भयंकर राग आला. दादावर काढावा तर तो पुण्यात, आणि हे त्यानं केलेलं नव्हतं. दसऱ्याला जी हाताच्या अंतरावर दिसत होती, ती त्यांना दाखवायला मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला यावं लागलं होतं, आणि आता मागं सरकायला जागा नव्हती.

"हलू नगंस," अण्णा म्हणाले. "बघू दे जरा."