कानपिळीपुरतं अभय

माझं लग्न चैत्रात ठरलं आणि शिंदीच्या झाडांपायी अडलं. झाडं माझ्या सख्ख्या भावानं, दादानं तोडली होती. शिंदीच्या दारूचं उत्पन्न निजाम सरकारला मिळू नये म्हणून तेव्हा पोरं कुऱ्हाडी घेऊन रानोमाळ हिंडत, त्यात हाही होता. वारंट निघालं तसा तो पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेला. आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, नदीच्या अल्याड. अल्याड निजामाचं राज्य, पल्याड हिंदुस्थानचं. अल्याड दादा गुन्हेगार होता आणि पल्याड, उमरखेडला, म्हणे त्याला हार घातले. तीच कुऱ्हाड, तीच झाडं. माझ्या डोक्यात हे काही केल्या बसेना.

आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदवण्याचा शब्द घेतो आणि मगच कान सोडतो. आई म्हणाली, चुलतभाऊ पिळेल. सख्खा जिवंत असताना चुलत काहून, म्हणून मी हटून बसले. बाबांनी माझीच बाजू घेतली. लेकाला डोळ्यांनी बघायला त्यांनाही निमित्त हवं होतं.

मग बोलणी सुरू झाली. मध्यस्थ होता रंगारी चाचा, बाबांचा जिवाभावाचा मित्र. गावोगावची लुगडी रंगवून तो घरपोच द्यायचा, त्यामुळं नदीच्या दोन्ही काठांना त्याला कुणी अडवत नसे. कोपरापर्यंत निळे हात हीच त्याची ओळख. लहानपणी दादा त्याच्या रंगाच्या रांजणात हात घाली, तेव्हा चाचा त्याचा कान असा पिळायचा की दादा रडायचा आणि आम्ही हसायचो. बाबांनी दादाला कधी बोट लावलं नाही. तो हक्क चाचाचा होता.

मागणी एवढीशीच होती. लग्नाच्या दिवसापुरतं दादाला धरणार नाही, असा शब्द पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबानं द्यावा. चाचा ठाण्याच्या पायरीवर दिवसदिवस बसून राही. अमीन म्हणे, "पहले हाजिर हो जाए, बाद में देखेंगे." चाचा नदी उतरून तो निरोप दादाला देई. दादा म्हणे, "आधी शब्द द्या म्हणावं, मग येतो." पुढं अमीन जरा नरमला. माफी मागितली तर एक दिवस डोळेझाक करतो म्हणाला. आता दादा बिथरला. "माफी मागितली म्हंजे गुन्हा कबूल केल्यावानी. म्या गुन्हा केलाच न्हाई." शिवाय अमीनानं शब्द दिला तरी गावात बंदुका घेऊन फिरणारे सरकारचे पाठीराखे तो मानतील का, हे अमीनही सांगेना.

मी चाचाला विचारलं, "चाचा, खरं कोण बोलून राहिलं?"

"बेटी, दोघं बी आपापल्या जागी बराबर हायेत. म्हणून तर अडून राहिलं."

मला त्याचाही राग आला. दोघंही बरोबर, मग माझं लग्न कुणाच्या चुकीनं मोडणार होतं? सासरचे कुरकुरू लागले. चैत्र गेला, वैशाख गेला, आषाढ लागला आणि लग्नाचे मुहूर्तच संपले.

भाद्रपदात पल्याडची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्यच गेलं. अमीन कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. ज्या शब्दासाठी आम्ही झुरलो, तो द्यायला कुणी उरलंच नाही आणि आता त्याची गरजही नव्हती. दादा वाजतगाजत आला. मी रडले, आनंदानं की आणखी कशानं, ते मलाच कळलं नाही.

आठवडाभरात गावात कुजबुज सुरू झाली. ठाण्याच्या पायरीवर रोज कोण बसायचं? निळे हात सगळ्यांनी बघितले होते. तो तिथं कशापायी बसायचा, हे कुणी विचारलं नाही. आजूबाजूच्या गावांतून मुसलमानांची घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. एका सकाळी चाचा बायकालेकरांसकट, दादा गेला होता त्याच उतारानं, नदी ओलांडून उमरखेडला मेव्हण्याकडं गेला.

आता बाबा मध्यस्थ झाले. गावात दादाचा शब्द चालत होता. तो जेवायला बसला तेव्हा बाबा म्हणाले, "रंगारीभाईला कुणी हात लावणार न्हाई, एवढं चावडीवर बोल. लग्नाला घेऊन येतो त्याला."

दादा म्हणाला, "आधी त्यानं हजर व्हावं. चौकशी व्हईल. गुन्हा केला नसंल तर भ्यायचं काहून?"

भाकर वाढता वाढता माझा हात थांबला. "दादा, अमीन बी हेच म्हणून राहिला होता."

"त्यात अन् ह्यात फरक हाय. ते परकं राज्य होतं, हे आपलं हाय."

मी मान हलवली. फरक असेलच, असं मला मनापासून वाटत होतं. फक्त तो सापडत नव्हता. बाबा उमरखेडला जाऊन आले. चाचाचा निरोप होता, "म्या गुन्हा काय केला, म्हणून हजर होऊ? पोराला म्हणावं, आधी शब्द दे." सोबत त्यानं माझ्यासाठी लग्नाचं पिवळं लुगडं रंगवून पाठवलं होतं.

मार्गशीर्षात तेच नेसून मी बोहल्यावर उभी राहिले. दादानं नवऱ्याचा कान पिळला, नवऱ्यानं शब्द दिला, मांडव हसला. याच घडीसाठी मी सगळं घर वेठीला धरलं होतं. दादा समोर होता आणि मला त्याचा राग येत होता, राग येतो म्हणून लाज वाटत होती, आणि डोळे सारखे मांडवाच्या दाराकडं जात होते.

पाया पडताना मी हळूच विचारलं, "चाचाला कवा आणतोस?"

"बघू नंतर," दादा म्हणाला.

दादाचा कान पिळायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो नदीपल्याड त्याच्याच शब्दाची वाट बघत बसला होता.